भरतीला विचारून निघा : एकटीने एका दिवसात अलिबाग

अलिबागला मी पहिल्यांदा एकटी गेले ती पौर्णिमेला. मुद्दाम नव्हे, सुट्टी त्या दिवशी होती म्हणून. बोट, बस सगळं वेळेवर मिळालं आणि बाराच्या ठोक्याला मी किनाऱ्यावर उभी होते. समोर कुलाबा किल्ला, आणि किल्ला नि माझ्यामध्ये अथांग पाणी. शहाळेवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि शहाळ्याचं तोंड उडवता उडवता म्हणाला, ‘ताई, आज पुनव हाय ना. आता सांच्याला पानी उतरंल.’ संध्याकाळी माझी परतीची बोट होती. किल्ला न बघताच घरी आले.

तेव्हापासून मी अलिबागचा बेत तारीख बघून नाही, तिथी बघून करते. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, म्हणून सुरुवातही तिथूनच.

आधी तिथी, मग तिकीट

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत, समुद्रातल्या खडकावर आहे. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला नाही. म्हणजे दिवसाचं वेळापत्रक तुम्ही ठरवायचं नसून पाण्याने ठरवायचं असतं. त्यासाठी मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते आहेत, ते बघाच. पण कोकणकिनाऱ्यावरच्या माणसांचा एक जुना हिशेब आहे, तो घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अर्ध्या मिनिटात होतो : तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते.

उदाहरणार्थ अष्टमी. आठची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, दुपारी सव्वाबाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. एकादशी असेल तर भरती सव्वाआठला आणि ओहोटी अडीचला. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरा; हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास, दुपारीही आणि मध्यरात्रीही. मी नेमकी तिथेच फसले होते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. पंधरा-वीस मिनिटं, कधी पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी तक्त्याशी पडताळून घ्यायचं.

आता यात एक मेख आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं : पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे. तेव्हा पाणी फार चढत नाही, पण पुरतं उतरतही नाही. म्हणजे दशमीला ओहोटीची वेळ सोयीची, पण वाट कोरडी मिळेलच असं नाही. घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत पाणी तुडवावं लागतं. सगळं जमून येतं ते पंचमी-षष्ठीला. ओहोटी दहा ते पावणेअकराच्या दरम्यान आणि पाणीही बऱ्यापैकी आत गेलेलं. मात्र त्यासाठी मुंबईहून अगदी सकाळची बोट धरायला हवी. उशिरा उठणाऱ्यांनी सप्तमी-अष्टमी पकडावी आणि पँट दुमडायची तयारी ठेवावी.

तिथी शनिवार-रविवारी आली तर? शक्य असेल तर रजा टाका आणि आठवड्यातला दिवस घ्या. रविवारी संध्याकाळी, परतीची बोट जिथून सुटते त्या मांडव्याच्या धक्क्यावरची रांग बघितली की एकटेपणाची मजा कुठल्या कुठे पळते.

ऋतू

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी महिन्यांत जाता येत नाही असं नाही, पण एप्रिल-मेमध्ये किल्ल्याच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या वाटेवर, सावली नावाला नसते. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या बोटी बंद असतात आणि खवळलेल्या समुद्रात किल्ल्याची वाट धरणं हा शुद्ध वेडेपणा. पावसाळ्यात अलिबाग बघायचंच असेल तर रस्त्याने जा आणि किल्ला लांबून बघा.

जायचं कसं

मुंबईकरांसाठी तीन वाटा. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याची बोट ही पहिल्यांदा जाणाऱ्यांची. पाऊण ते एक तास लागतो. धक्क्याजवळ वेगवेगळ्या कंपन्यांच्या खिडक्या शेजारी शेजारी आहेत. हल्ली एका बाजूचं तिकीट साधारण दोनशे-अडीचशेच्या घरात असतं. या तिकिटात मांडव्याहून अलिबाग गावापर्यंतच्या बसचं भाडंही धरलेलं असतं, हे नवख्यांना ठाऊक नसतं. त्यामुळे बोटीतून उतरल्यावर तिकीट फेकू नका, आणि ज्या कंपनीची बोट त्याच कंपनीच्या बसमध्ये चढा. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर आहे. झाडीतून, वाड्यांमधून, अधूनमधून धनिकांच्या बंगल्यांच्या उंच भिंतींवरून डोळे फिरवत अर्धा-पाऊण तास जातो. बोटीतून लवकर उतरणं हा बसमध्ये खिडकीची जागा मिळवण्याचा एकमेव मार्ग.

दुसरी वाट भाऊच्या धक्क्यावरची. तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडी, दुचाकी बोटीत चढवता येते. एकट्या माणसाने एका दिवसासाठी गाडी न्यावी असं मला वाटत नाही, पण पावसाळ्यात हवामान बरं असेल तेव्हाही ही चालू असते, एवढं लक्षात ठेवा. भाऊच्या धक्क्याहूनच रेवसला जाणारी जुनी लाँचही आहे. स्वस्त, सावकाश, आणि सोबतीला टोपल्या घेतलेल्या बाया. घाई नसेल तर हिची चव वेगळी.

तिसरी एसटी. मुंबई सेंट्रल किंवा पनवेलहून, पेण-वडखळमार्गे. मुंबईपासून शंभरेक किलोमीटर. पुणेकरांना हीच सोयीची, पण पुण्याहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा बसमध्ये, मुक्काम करा.

गेटवेला सामानाची तपासणी असते, म्हणून बोटीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पोचा. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे जास्त पैसे घेतात. थंडीच्या दिवसांत कुरव पक्ष्यांचे थवे बोटीमागे लागतात आणि लोक त्यांना वेफर्स, शेवगाठी फेकतात. तुम्ही फेकू नका. त्यांना मासे पकडता येतात.

जाता जाता एक गंमत. तुमची बोट सुटते ती मुंबईच्या कुलाब्याच्या अंगणातून आणि तुम्ही निघालेले असता तेही कुलाब्यालाच. १९८१ पर्यंत या अख्ख्या जिल्ह्याचंच नाव कुलाबा होतं; नंतर ते रायगड झालं.

पाठीवर काय

पाण्याची मोठी बाटली, टोपी, छोटा पंचा, सुटे पैसे, आणि मोबाइल ठेवायला प्लास्टिकची पिशवी. पायात पट्ट्याची सँडल हवी. हे सगळ्यात महत्त्वाचं. किल्ल्याच्या वाटेवर वाळू संपली की खडक लागतो. त्यावर शेवाळ असतं आणि कडेने कालवांची धारदार शिंपलं. साधी चप्पल पाण्यात सुटते, बूट भिजतात, अनवाणी चाललात तर पाय कापतो. मी तिन्ही करून पाहिलंय.

मांडव्याला धक्क्यावर किंवा अलिबागच्या एसटी स्टँडवर स्वच्छतागृहाला जाऊन घ्या. किल्ल्यात सोय असेल असं धरून चालू नका.

किल्ला : पाणी उतरत असताना शिरा

बस गावात सोडते. तिथून किनारा पंधरा मिनिटांच्या चालीवर. पोचलात की प्रथम एखाद्या शहाळेवाल्याला किंवा घोडागाडीवाल्याला विचारा, ‘काका, पाणी उतरतंय की चढतंय? परत कितीला यायचं?’ मोबाइलने काहीही सांगितलेलं असो, हा प्रश्न चुकवायचा नाही. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तास-दीड तासाच्या आत किनाऱ्याला परत लागा. भरती समोरून लाट होऊन येत नाही. ती दोन्ही अंगांनी गुपचूप भरत जाते आणि तुम्ही फोटो काढत असता. एकट्या माणसाला ‘चल, उशीर झाला’ म्हणणारं कोणी नसतं, म्हणून मी मोबाइलला गजर लावते.

चालायचं नसेल तर घोडागाडी उथळ पाण्यातून नेते. एकट्याला पूर्ण गाडी महाग पडते. चार जणांत जागा मागितली तर मिळते. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ते जाऊन-येऊन आहे की एका बाजूचं हेही. पुरातत्त्व खात्याचं प्रवेश तिकीट किरकोळ आहे.

आत शिरण्याआधी तटाजवळ थांबा आणि दगड बघा. प्रचंड चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर मोडतो आणि पाणी निथळून जातं. चुन्याने बुजवलेली सलग भिंत असती तर तिला सगळा मार अंगावर घ्यावा लागला असता. शिवाजी महाराजांच्या शेवटच्या वर्षात, १६८० मध्ये, या किल्ल्याचं काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तेव्हापासून रोज दोन भरत्या तो खातो आहे.

पण किल्ल्याचा खरा दबदबा कान्होजी आंग्र्यांचा. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले, आणि कुलाबा त्यांचं मुख्य ठाणं झालं. त्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, या पाण्यात जहाज हाकारणं अवघड होतं. इंग्रज कागदपत्रं त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर जकात मागणाऱ्याला चाचा म्हणायचं, तर मुंबई बंदरात तोच कर घेणाऱ्याला काय म्हणायचं? असो. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले.

आत महादरवाज्यावरचं कोरीवकाम बघत पुढे गेलात की सिद्धिविनायकाचं देऊळ लागतं. राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. मूर्ती एकटी नाही, गणेश पंचायतन आहे. समोर गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. मला इथलं सगळ्यात नवल वाटतं ते याचंच. पायरीवर दहा मिनिटं नुसतं बसा. किल्ल्यात हाजी कमालुद्दीन शहांचा दर्गाही आहे.

उत्तरेच्या तटाजवळ चाकांवरच्या दोन तोफा आहेत. तिथे जमलेल्या घोळक्यात कोणीतरी हमखास सांगत असतं की याच तोफांनी कान्होजींनी इंग्रजांना लोळवलं. तोफेवरची अक्षरं वाचा : लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. तो कारखानाच मुळी १७९१ मध्ये निघाला आणि कान्होजी गेले १७२९ मध्ये. म्हणजे तोफ नंतरची आहे. घोळक्यात हे बोलून दाखवायचं की नाही ते तुमच्या स्वभावावर. मी एकदा दाखवलं, कोणी ऐकलं नाही.

उत्तरेला लागूनच सर्जेकोट हा धाकटा किल्ला आहे. दगडी बांधावरून तिथे जाता येतं. पाणी आणि गजर दोन्हींची परवानगी असेल तरच जा. तटावरून उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर खांदेरी-उंदेरी दिसतात. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यात खांदेरी आहे, कुलाबा नाही. अलिबागकरांपुढे हा विषय काढायचा तर वेळ हाताशी ठेवून काढा.

सगळं मिळून किल्ल्यात दीड तास पुरतो.

जेवण

किनाऱ्यावरच्या फलकांवर पंजाबी, चायनीज, पावभाजी सगळं आहे. तिकडे न वळता गावात या आणि घरगुती खानावळ शोधा. एकट्या माणसासाठी थाळीच बरी : तळलेला तुकडा, कालवण, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी. बोंबील ताजे असतील तर सुरमईच्या मागे लागू नका. सुरमई मुंबईतही मिळते. ताटात जिताडा आहे का विचारा. हा या पेण-अलिबागच्या खारेपाटातला मानाचा मासा. रोज नसतो, असला तर महाग असतो, आणि दिला तर घ्या. सोमवार किंवा चतुर्थीला गेलात आणि शाकाहारी असाल तर वालाची, म्हणजे बिरड्याची उसळ मागा. दुपारी अडीचनंतर खानावळींत भाकऱ्या संपतात, हेही तिथीच्या हिशेबात धरा. ओहोटी अडीचची असेल तर आधी जेवा.

हिवाळ्यात शेतात रात्री पोपटी लावतात : मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, वर जाळ. ती एका दिवसाच्या पाहुण्याच्या नशिबात नाही. ओळख काढा आणि मुक्कामाला या.

दुपारचं गाव

बहुतेक लोक किल्ला झाला की नागाव-किहीमच्या वाळूकडे पळतात. मी सांगेन, गावात राहा. पायी फिरण्याएवढंच गाव आहे आणि एकट्याला पायी फिरण्यासारखं सुख नाही.

कान्होजींची समाधी गावातच आहे. मोठमोठी स्मारकं बघितलेल्यांना ती साधी वाटेल. पण एवढा दर्यावर मालकी सांगणारा माणूस गावाच्या घरांमध्ये असा शांत पडला आहे, हे मला आवडतं. त्यांनी अलिबागी रुपया नावाचं स्वतःचं चांदीचं नाणंही चालवलं होतं. तिथून हिराकोट तळ्याकडे या. शेजारचा हिराकोट कान्होजींनीच बांधला. आता त्यात तुरुंग आहे, तेव्हा आत जायची हौस धरू नका आणि दरवाजाचे फोटोही काढू नका. तळ्याचा काठ मात्र संध्याकाळी छान.

मग विचारत विचारत इस्रायल आळीत जा. हो, नाव तेच आहे. इथे मागेन अबोथ हे बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, प्रार्थनामंदिर आहे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ फुटलं आणि वाचलेली सात जोडपी इथेच राहिली. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली त्यांची आडनावं आहेत. बहुतेक कुटुंबं आता इस्रायलमध्ये गेली, पण मराठी बरोबर घेऊन. आत जायचं असेल तर परवानगी विचारा, डोकं झाका. शनिवारी आणि प्रार्थनेच्या वेळी बाहेरूनच बघा.

आणि किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी पूर्वी मुंबईच्या कुलाब्याला होत असे. विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने यंत्रं बिघडतील अशी भीती निर्माण झाली, म्हणून १९०४ मध्ये इथे नवी वेधशाळा उभारली. इमारतीत लोखंड वापरलेलं नाही, खिळे-बिजागऱ्यासुद्धा तांब्या-पितळेच्या. सहज आत सोडत नाहीत, पण फाटकापाशी थांबून एवढं आठवावं की मुंबईला ट्राम हव्या होत्या म्हणून विज्ञान बोटीत बसून अलिबागला आलं.

चौल-रेवदंडा, कोर्लई, कनकेश्वरच्या पायऱ्या, हे सगळं ‘जवळच आहे’ असं रिक्षावाले सांगतील. जवळ आहेच. पण ओहोटीचा दिवस किल्ल्याला दिला की उरलेल्या तीन तासांत चौलसारखं जुनं बंदर उरकणं म्हणजे त्याचा अपमान. पुढच्या खेपेला ठेवा.

एकटीने जाताना

अलिबाग मला कधी असुरक्षित वाटलं नाही. जिल्ह्याचं ठिकाण आहे, कचेऱ्या, कॉलेज, बाजार, बायकांची वर्दळ असते. रिक्षा मीटरवर चालत नाहीत, भाडं आधी ठरवा. मिनीडोरमध्ये, म्हणजे मोठ्या सामायिक रिक्षेत, माणशी भाडं असतं, तीच स्वस्त. अंधार पडल्यावर किनाऱ्याच्या रिकाम्या टोकाला, सुरूच्या झाडीत एकटीने जाऊ नका. समुद्रात पोहायला तर कोणीच उतरू नये, एकट्याने मुळीच नाही. घरच्यांना परतीच्या बोटीची वेळ कळवून ठेवा. ‘एकट्याच आलात?’ हा प्रश्न दिवसातून पाच वेळा येईल. त्यात चौकशी कमी आणि काळजी जास्त असते. ‘हो, किल्ला बघायला’ एवढं उत्तर पुरतं आणि त्यावर बहुधा पाण्याची वेळ फुकटात कळते.

आणि ‘अलिबागसे आया है क्या’ हे तिथे चुकूनही म्हणू नका. त्यावर बंदी घाला म्हणून प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं होतं. २०१९ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली, लोकांचा राग काही फेटाळला गेलेला नाही.

परतताना

शेवटच्या बोटीवर बेत टांगू नका, तिच्या आधीची धरा. मांडव्याला नेणारी बस अलिबागहून बोटीच्या तासभर आधी सुटते. ती कुठून आणि कितीला, हे सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या. फेब्रुवारी ते मे असेल तर बस धरण्याआधी पांढऱ्या कांद्याची वेणी घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा गोडसर असतो, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. नवख्याला कोणी साधा पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवतं, म्हणून पातीसकट विणलेली माळच घ्या आणि एक कांदा तिथेच फोडून खाऊन बघा. बोटीत ती मांडीवर ठेवा. पायाशी ठेवली तर खारं पाणी लागतं आणि आठवड्यात सडते.